मुळशीचे सात महिने

हिंजवडी
३ ऑगस्ट २०२५

प्रिय गौतमी,

हे पत्रही तुझ्या शाळेच्याच पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं तर अण्णा चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील. फोनवर बोलावं तर तुझ्यामागे आई, अण्णा आणि टीव्ही हजर. त्यापेक्षा पत्र बरं, उशिरा पोचतं पण फक्त तुलाच पोचतं.

कासारसाईचा फ्लॅट काल पुन्हा बघून आलो. चौथा मजला, एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. बाल्कनीतून धरणाचं पाणी दिसतं. समीक्षाचं अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी बसतं का, ते टेपने मोजलं. बसतं. तुझं शिवणयंत्र मात्र बाल्कनीत ठेवावं लागेल. बिल्डरचा माणूस म्हणाला, दसऱ्यापर्यंत फ्लॅट धरून ठेवतो, पुढे जमणार नाही.

आता अडचण. बँकेने गृहकर्जाला नकार दिला. माझा सिबिल स्कोअर ५९१ निघाला आणि त्यांना साडेसातशेच्या आसपास लागतो. कसलीतरी जुनी गडबड आहे, कॉम्प्युटरमध्ये असं होतं म्हणे. इथे चौकात मोबाईलच्या दुकानावर एक ऑफिस आहे, ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ असा बोर्ड आहे. दिग्विजय नावाचा तरुण ते चालवतो. चोवीस हजार घेतो, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. पंचेचाळीस दिवसांत स्कोअर वर आणतो म्हणाला. द्यावेत का? तू सांगशील तसं करतो.

समीक्षा अंगणवाडीत जायला लागली तेव्हा मी इकडे आलो, आता ती दुसरीत आहे. मागच्या वेळी स्टँडवर तिने माझा हात हातात घेतला तो मोठ्या माणसासारखा, पोचवायला आल्यासारखा. मला ते आवडलं नाही. मला घर हवंय, गौतमी. संध्याकाळी कुलूप न उघडता आत शिरता येईल असं.

तुझा,
निषाद

*

उदगीर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय निषाद,

शिवणयंत्र बाल्कनीत ठेवणार आणि पावसात कपडे कोण शिवणार, तू? हॉलमध्ये तुझी ती लोळायची खुर्ची मोजलीस का टेपने? ती काढ, तिथे यंत्र बसेल.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं, मग पाचवीच्या तासाला फळ्यावर भागाकार घालून पोरांना गुंतवलं आणि पुन्हा वाचलं. धरणाचं पाणी मी अजून पाहिलेलं नाही, पण आठवडाभर मी त्या बाल्कनीत उभीच आहे.

आता कामाचं. आपल्या शाळेचे खजिनदार हैबतराव सर बँकेतून निवृत्त झालेत हे तुला ठाऊक आहे. नाव न सांगता त्यांना विचारलं, माझ्या एका मैत्रिणीचं असं असं झालंय म्हणून. ते म्हणाले, सिबिलच्या नोंदीत चूक असेल तर आपली आपल्याला ती कळवून दुरुस्त करून घेता येते, फुकट. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आणि चूक नसेल, नोंद खरी असेल, तर चोवीस हजार काय, चोवीस लाख दिले तरी ती कुणी पुसू शकत नाही. जो पुसतो म्हणतो तो खोटं काहीतरी करतो.

तेव्हा साधा प्रश्न आहे. गडबड कसली? कुठल्या तारखेची, कुठल्या कंपनीची? तो रिपोर्ट निघतो ना, त्याची प्रत पाठव. मी इथे हैबतराव सरांना दाखवते, मैत्रिणीची म्हणून.

घर घेताना आधी भरायच्या रकमेची काळजी सोड. ते माझ्यावर. आत्ता विचारू नकोस.

तुझी दोन वर्षांपूर्वीची पत्रं काल पुन्हा काढली. त्या वर्षी तू शनिवार-रविवार मुळशीला जायचास ना, रिसॉर्टवर. केवढी वर्णनं. ‘पहाटे सहाला पाण्यावर धुकं असतं, पलीकडच्या भाताचा वास येतो, अंगणात पांढऱ्या चादरी वाळत असतात.’ तेव्हा मला फार राग आला होता. मी इथे अण्णांच्या पथ्याचं आणि समीक्षाच्या तापाचं बघत होते आणि हा पाण्याकाठी बसून धुकं बघतोय. तुला बोलले नाही एवढंच. कासारसाईला राहायला आले की आधी मुळशी दाखवायची, हे कबूल कर.

आमटीत मीठ जास्त पडलं की समीक्षा आता म्हणते, ‘बाबांनी ही आमटी संपवली असती.’ तुझ्या नावावर काय काय खपतं इथे.

तुझी,
गौतमी

*

हिंजवडी
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय गौतमी,

खुर्ची काढली. मनातून काढली, प्रत्यक्षात ती अजून माझ्या खोलीत आहे आणि मी तिच्यातच बसून लिहितोय.

रिपोर्ट पंधरा पानांचा आहे आणि सगळा इंग्रजी रकान्यांचा. त्यातून तुला काही कळायचं नाही, मलाच कळत नाही. हैबतराव सर जुन्या काळच्या बँकेतले, आता सगळं बदललंय. रागावू नकोस, पण मी दिग्विजयला बारा हजार देऊन आलो. तुझं पत्र त्याच दिवशी संध्याकाळी मिळालं. आधी मिळालं असतं तर थांबलो असतो, असं लिहावंसं वाटतंय, पण खरं सांगायचं तर माहीत नाही.

त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. मुलगा टाय लावतो, बोलतो गोड. म्हणाला, ‘सर, तुम्ही फक्त सही करायची, बाकी टेन्शन आपलं.’ स्टॅम्प पेपरवर एक प्रतिज्ञापत्र करायचं आहे. ते तयार झालं की बोलावणार आहे.

काल संध्याकाळी पुन्हा कासारसाईला गेलो होतो. वॉचमन आता ओळखतो, वर सोडतो. रिकाम्या फ्लॅटमध्ये बोललं की आवाज घुमतो. मी तुझं नाव घेऊन बघितलं, स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखं. मग खाली आलो.

समीक्षाला सांग, आमटी मी खरंच संपवली असती.

निषाद

*

उदगीर
२५ ऑगस्ट २०२५

श्री. निषाद यांस,

पत्रात मी तुम्हाला ‘तू’ म्हणते, कारण इथे ऐकायला कुणी नसतं. आज तुम्हीच म्हणावंसं वाटतंय.

गणपतीची आवराआवर काढली होती. अण्णांच्या कपाटात विम्याच्या फायलीत एक पाकीट निघालं, तुमच्या नावाचं, न फोडलेलं. इंग्रजी दिसलं म्हणून अण्णांनी विम्याचं समजून ठेवून दिलं असणार. मी फोडलं. मला इंग्रजी रकाने कळतात, मी गणित शिकवते.

एका कर्ज देणाऱ्या कंपनीची नोटीस आहे, यंदाच्या मार्चची. दोन कर्जं. पन्नास हजार, २९ ऑगस्ट २०२३. चाळीस हजार, ३० नोव्हेंबर २०२३. दोन्ही मोबाईलवरून घेतलेली, दोन्हीचे हप्ते थकलेले. ही तुमची कॉम्प्युटरमधली गडबड.

मग मी त्याच महिन्यांतली तुमची पत्रं काढून शेजारी ठेवली. ऑगस्ट, मुळशी. सप्टेंबर, मुळशी. नोव्हेंबर, डिसेंबर, मुळशी. बोटी, पाणी, भात, पांढऱ्या चादरी. नव्वद हजार रुपये कर्ज काढून माणूस कुणाला घेऊन धुकं बघायला जातो, एवढंच मला विचारायचं आहे. एकटा जात नाही.

तुम्ही घरासाठी टेप घेऊन भिंती मोजत बसला आहात. मला आता हेही माहीत नाही की त्या घरात मी कुठल्या भिंतीशी उभी राहणार होते. चोवीस हजार द्यायचे की नाही हे मला विचारू नका. खोटं बोलायला पैसे कशाला मोजायचे, ते तुम्हाला फुकट येतं.

समीक्षा बरी आहे. आरतीची भांडी घासायची आहेत.

गौतमी

*

हिंजवडी
३१ ऑगस्ट २०२५

गौतमी,

कुणी नव्हतं. आता सगळं लिहितो, तुला पटलं नाही तरी पूर्ण वाच.

जुलै २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. एका शुक्रवारी आम्हा अकरा जणांना खोलीत बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तुला कळवलं नाही. वाटलं, पंधरा दिवसांत दुसरी मिळेल, मग दोन्ही बातम्या एकदमच देऊ. पंधरा दिवसांचे सात महिने झाले.

मुळशीला मी फिरायला जात नव्हतो. तिथल्या एका रिसॉर्टवर कामाला होतो. आठवडाभर तिथेच राहायचो, नोकरांच्या खोलीत. पाहुण्यांची नोंद करायची, सामान खोलीत पोचवायचं, माणूस कमी असला की चादरी धुवून वाळत घालायच्या. जेवण-राहणं तिथलं, वर थोडा पगार. तेवढ्यात माझं भागत होतं, तुला पाठवायला उरत नव्हतं. आणि तुझं प्रत्येक पत्र यायचं, ‘पैसे पोचले, लगेच संपलेही.’ संपतात म्हणजे लागतात. अण्णांची औषधं, समीक्षाची शाळा. एक महिना चुकला तर तिथे काय होईल या भीतीने मोबाईलवर कर्ज काढलं. पहिलं संपलं तेव्हा दुसरं. तारखा पुन्हा बघ. दोन्ही महिनाअखेरच्या आहेत. पहिल्या तारखेला मी तुला चौदा हजार पाठवायचो.

फेब्रुवारीत ही नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. काही हप्ते भरले, मग दंड आणि व्याजात दम लागला. हिंजवडीच्या पत्त्यावर आलेल्या नोटिसा मी फाडल्या. उदगीरलाही एक गेली असेल हे डोक्यात आलं नाही.

तिथे म्हसू नावाचा धनगर बागकामाला होता. त्याची बायको बयाबाई रिसॉर्टच्या मागे शेरडं चारायची. एक दिवस चादरी पिळताना ती येऊन उभी राहिली.

‘बायको कुटं हाय रं तुजी?’

‘उदगीरला.’

‘लई लांब?’

‘रात्रभराची गाडी आहे.’

‘आन् तू हितं कुणाच्या चादरी वाळवतुया? तिला ठाव हाय का?’

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, ‘मंग आमची शेरडं बरी. दावं अडाकलं तर वरडून सांगत्यात तरी.’

त्या रात्री मी तुला खरं लिहायला बसलो आणि शेवटी धुक्याबद्दल लिहिलं. तिथे चांगलं तेवढंच होतं, आणि तुला काहीतरी चांगलं पाठवावं असं वाटायचं.

आता दिग्विजयचं. काल त्याने प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, ही दोन्ही कर्जं मी घेतलेली नाहीत, माझी कागदपत्रं चोरून कुणीतरी घेतली, ते पैसे मला कधी मिळाले नाहीत. खाली पोलिसांत द्यायचा अर्जही तयार होता. म्हणाला, सगळे असंच करतात. मी पेन उघडलं. फ्लॅट डोळ्यांसमोर होता, समीक्षाचं टेबल होतं. पण ते पैसे मी घेतले नाहीत असं लिहून दिलं, तर मी तुला ते पाठवलेही नाहीत. त्या सात महिन्यांत माझ्या हातून एकच काम नीट झालं होतं, पहिल्या तारखेला पैसे पाठवायचं. ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकायला हात गेला नाही. कागद तसाच ठेवून उठलो. बारा हजार परत मिळणार नाहीत म्हणाला.

म्हणजे आता फ्लॅट नाही. तुला आणणं आणखी लांबलं. मला काय वाटेल ते बोल, पण बोल.

निषाद

*

हिंजवडी
१४ सप्टेंबर २०२५

गौतमी,

उत्तर नाही. फोन केला की अण्णा उचलतात, पावसाचं सांगतात आणि ठेवतात. रोज संध्याकाळी खालच्या पत्रांच्या पेटीत हात घालून बघतो. आज विजेचं बिल होतं.

एकदा फक्त तू बरी आहेस एवढं लिही.

निषाद

*

उदगीर
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय निषाद,

बरी नव्हते. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस शाळेत गेले नाही, अंग दुखतंय म्हणून पडून राहिले. तुझ्यावर रागावले होते म्हणून नाही, माझ्यावर रागावले होते म्हणून. आता ऐक.

चार वर्षांत तू पाठवलेल्या पैशांतला एक रुपयाही मी खर्च केलेला नाही. माझ्या पगारात आणि अण्णांच्या पेन्शनीत घर चालतं, ओढाताणीचं पण चालतं. तुझे चौदा हजार दर महिन्याला पोस्टात जातात, माझ्या नावावर. घरासाठी. पासबुक गव्हाच्या डब्यात आहे. बँकेने कर्ज मंजूर केलं की तुझ्या हातात ठेवून तुझं तोंड बघायचं, असं मी ठरवलं होतं.

आणि तुला लिहायची, लगेच संपले. का, तर तुझा हात सैल. मित्राने मागितलं की तू देऊन मोकळा. उरतात म्हणून कळलं तर आपलं घर कुणाच्या तरी लग्नात खर्ची पडेल अशी मला भीती होती. म्हणजे तू व्याजाने पैसे आणलेस आणि मी ते पोस्टात ठेवून दिले. मी एकदा जरी लिहिलं असतं की या महिन्यात नाही पाठवलेस तरी चालेल, तर तुला काहीच काढावं लागलं नसतं. गणिताची बाई आहे मी. फळ्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

हैबतराव सरांना यावेळी खरं सांगितलं, मैत्रीण वगैरे काही नाही म्हणून. ते म्हणाले, ‘पहिल्या दिवशीच कळलं होतं.’ त्यांच्या सांगण्यावरून नीट कर. कंपनीवाले तडजोड करू म्हणतील, थोडं कमी भरा, मिटवू. ते करायचं नाही, तडजोड झाल्याचा शेरा वर्षानुवर्षं राहतो. पूर्ण रक्कम भरायची, दोन्ही खाती बंद झाल्याचं पत्र घ्यायचं. व्याज-दंड धरून मी एक लाख बारा हजार तुझ्या खात्यात पाठवलेत. स्कोअर आपला आपण चढेल, वर्ष लागेल, दीड लागेल. पैसे देऊन तो लवकर चढत नाही. दिग्विजयचे बारा हजार सोड. तुझ्या सहीपेक्षा स्वस्त पडले.

तुझी ती पत्रं मी परत वाचली. पहाटे सहाला धुकं. शनिवार-रविवार फिरायला गेलेली माणसं सहाला उठतात का? आणि वाळत घातलेल्या चादरी कुठला पाहुणा बघतो? सगळं लिहिलेलं होतं. मी फक्त धुकं वाचलं.

फ्लॅट जाऊ दे. मला बाल्कनी नको. मला तुझी फार आठवण येते, निषाद. चार वर्षं मी हे मिठावरून आणि खुर्चीवरून लिहीत आले, आता सरळ लिहिते. रात्री समीक्षा झोपली की मी तिच्या पलीकडे हात टाकते, तुझ्या जागेवर, आणि तिथे तिची दप्तराची पिशवी असते. आणखी दीड वर्ष स्कोअरची वाट बघत मी त्या पिशवीवर हात ठेवून झोपणार नाही. भाड्याच्या दोन खोल्या बघ.

तुझी,
गौतमी

*

हिंजवडी
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय गौतमी,

पत्र वाचून एकटाच हसलो. गव्हाचा डबा. त्यातल्याच गव्हाच्या पोळ्या मी दर सुट्टीत खाऊन येत होतो.

पैसे भरले. तडजोड करा म्हणून त्यांनी तीनदा फोन केला, मी पूर्णच भरणार म्हटल्यावर त्यांनाच नवल वाटलं. दोन्ही खाती बंद झाल्याची पत्रं काल हातात आली. त्यांच्या प्रती सोबत आहेत, हैबतराव सरांना दाखव. यावेळी मीच पाठवतोय, तू मागायच्या आत.

कासारसाईचा फ्लॅट काल दसऱ्याला दुसऱ्या कुणीतरी घेतला. वॉचमनने सांगितलं, नवरा-बायको आहेत, म्हातारे. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

लवळ्याला दोन खोल्या पाहिल्या आहेत, लीलाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या घरामागे. धरण दिसत नाही, समोर कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह दिसतं आणि दिवसभर रिक्षा. त्याच वसतिगृहात सहायक रेक्टरची जागा निघाली आहे, तुला जमेल अशी, मुलाखत दिवाळीनंतर. मिळेलच असं नाही. म्हणून मला वाटतं, तू घाई करू नकोस. शाळेची नोकरी अशी मध्येच सोडू नको, समीक्षाचं वर्ष आहे, अण्णांची तब्येत आहे. मे महिन्यात बघू. इतकी वर्षं काढली, सात महिने काही फार नाहीत.

निषाद

*

उदगीर
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय निषाद,

सात महिने फार नाहीत हे तू मला सांगू नयेस.

शाळेचा राजीनामा दिला. समीक्षाचा शाळा सोडल्याचा दाखलाही घेतला. संध्याकाळी अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘तुमची पत्रं शाळेच्या पत्त्यावर येतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पोस्टमन माझ्याबरोबर पत्ते खेळतो. मी म्हटलं, लिहू दे, निदान बोलतात तरी.’ मग आईंना हाक मारून म्हणाले, गव्हाचा एक डबा यांच्याबरोबर बांधून द्या. त्या डब्याचंही त्यांना माहीत होतं की काय, मी विचारलं नाही.

औषधांचं मी हैबतराव सरांच्या बायकोला सांगून ठेवलंय, त्या रोज एक चक्कर टाकतील. मे महिन्यात अण्णा आणि आई आपल्याकडे येतील, तोपर्यंत आपण सणावारी इकडे येऊ. रेक्टरची जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर मी शिकवण्या घेईन. भागाकार सगळीकडे सारखाच असतो.

पहिल्या रविवारी मुळशीला जायचं. पहाटे सहाला. बयाबाईला सांगून ठेव, उदगीरहून येतेय म्हणून, आणि तिच्या शेरडांना मी काहीतरी घेऊन येईन. त्या रिसॉर्टमध्ये पाण्याकाठच्या खुर्चीवर तुला बसवायचं आहे. चहा मी मागवणार. तू उठून कप उचलायचा नाहीस.

ही पत्रं आता पुरे. यापुढे जे काही लपवायचं असेल ते समोर बसून लपव, मला लगेच कळेल.

शुक्रवारी, सतराच्या रात्रीच्या गाडीने आम्ही दोघी निघतो, धनत्रयोदशीला सकाळी वाकडला उतरतो. शिवणयंत्रही आणतेय. याला उत्तर पाठवू नकोस. पुलाखाली येऊन उभा राहा.

गौतमी